पाटी, पुस्तक आणि मोबाईलवरचे दुकान



आजचे माझे बोलणे दोन प्रकारच्या मंडळींसाठी आहे. ज्यांची लेकरे शाळेत आहेत असे आईबाप एकीकडे, आणि ती लेकरे ज्यांच्या वर्गात बसतात ते गुरुजी आणि बाई दुसरीकडे. विषय साधा आहे. मोबाईलवरून, म्हणजे ज्याला आपण ऑनलाइन म्हणतो तसा धंदा करायचा असेल, तर शाळा शिकण्याची गरज आहे की नाही?

बीडहून सोलापूरच्या रस्त्याला लागले आणि मांजरसुंबा मागे टाकले, की पुढे चौसाळा लागते. हमरस्त्यावरचे बाजाराचे गाव. भोवतालच्या खेड्यांतली माणसे इथे खरेदीला येतात, एस.टी. पकडतात, औषधपाणी नेतात. अशा गावात जुन्या पद्धतीने दुकान टाकायचे म्हणजे किती खटाटोप असे, ते आपण जाणताच. रस्त्यालगत जागा हवी. अनामत हवी. माल भरायला भांडवल हवे, आणि पंधरा दिवसांच्या उधारीवर माल देणारा ठोक व्यापारी ओळखीचा हवा. आता काय झाले आहे? घरात केलेली चटणी, शेतातले सीताफळ, हाताने शिवलेली गोधडी यांचा फोटो काढायचा, तो मोबाईलवर चढवायचा, आणि पुण्यामुंबईचे गिऱ्हाईक घरबसल्या मागणी नोंदवते. पैसेही मोबाईलवरच जमा होतात. गाळा नको, पाटी नको, भाडे नको.

हे पाहिल्यावर बापाच्या मनात एक विचार येतो, आणि तो शाळेत येऊन गुरुजींना बोलूनही दाखवतो. "गुरुजी, दहावी-बारावी करून तरी लेकराला नोकरी कुठं ठेवलीय? बी.ए. झालेली पोरं पारावर बसून आहेत. मोबाईलवर न शिकलेली माणसं पैसा कमवायलीत. मग कामून त्याचं वर्ष वाया घालवायचं?"

मंडळी, हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. त्यात अनुभव आहे आणि थोडा रागही आहे. पदवी घेतली की नोकरी मिळते असे आपणच दोन पिढ्या सांगत आलो, आणि ते पुष्कळांच्या बाबतीत खरे ठरले नाही. शिवाय गिऱ्हाईक कधी कोणाची गुणपत्रिका मागत नाही. चटणी चवदार आहे का, पार्सल वेळेवर आले का, वजन पुरे भरले का, एवढेच ते पाहते. तेव्हा मोबाईलवर दुकान थाटायला प्रमाणपत्र लागत नाही, ही गोष्ट प्रथमच मान्य करून टाकू. पण प्रमाणपत्र लागत नाही म्हणून शिक्षणही लागत नाही, असे ठरते का? इथेच आपली गल्लत होते. दोन-तीन खरी उदाहरणे घेऊन पाहू.

पहिले उदाहरण शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यातले, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरचे. सारोळा कासार गावच्या सुमन धामणे या आजीबाई 'आपली आजी' या नावाने यूट्यूबवर स्वयंपाक दाखवू लागल्या. शाळेचे तोंड त्यांनी पाहिले नव्हते. परंतु त्यांच्या हातची चव आणि बोलण्यातला गोडवा असा, की लाखो माणसे त्यांचे पाहणारी झाली. आता म्हणाल, बघा, आजी शाळेत गेल्या नाहीत, तरी नाव झाले की नाही? झाले, आणि मोठे झाले. परंतु कॅमेऱ्याच्या मागे कोण होते? त्यांचा शिकणारा नातू. चित्रण करणे, ते चढवणे, खाते सांभाळणे ही कामे त्याची. २०२० च्या ऑक्टोबर महिन्यात कोणा भामट्याने ते खातेच पळवले. सारी मेहनत एका रात्रीत दुसऱ्याच्या हाती गेली. यूट्यूबकडे दाद मागून काही दिवसांनी ते परत मिळाले. अशा वेळी पुरणपोळी कितीही मऊ असली तरी उपयोगी पडत नाही. तिथे लिहिता-वाचता येणारे, न घाबरता तक्रार मांडणारे माणूस लागते. आजींच्या घरात ते होते. ज्या घरात नसेल, त्या घराने काय करावे?

दुसरे उदाहरण तर आपल्याच जिल्ह्याचे. आष्टी तालुक्यातल्या सांगवी पाटणचे दादासाहेब भगत यांचे नाव आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकले असेल. दहावीनंतर त्यांनी आय.टी.आय. केले आणि पोटासाठी पुणे गाठले. इन्फोसिस या मोठ्या कंपनीच्या अतिथिगृहात खोल्यांची झाडलोट, चहापाणी असे पडेल ते काम त्यांनी नऊ हजार रुपये महिन्यावर केले. तिथे माणसे संगणकावर बसून काम करतात, हे त्यांनी पाहिले, आणि हे काम मला कसे येईल म्हणून त्यांनाच विचारले. त्या नोकरीला पदवी लागते, पण चित्रांच्या आणि हलत्या चित्रांच्या कामाला हातातली कला पाहतात, असे उत्तर मिळाले. मग दिवसा नोकरी आणि रात्री शिकणे सुरू झाले. पुढे त्यांनी स्वतःची कंपनी काढली. २०२० च्या टाळेबंदीत ते गावी आले, तेव्हा डोंगरावरच्या गोठ्यात, जिथे मोबाईलला बरी रेंज मिळे तिथे, संगणक मांडून त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी काम चालू ठेवले. जगभरातल्या माणसांनी वापरावेत असे चित्रांचे तयार नमुने ते बनवतात आणि विकतात.

त्यांची गोष्ट सांगताना लोक सहसा एवढेच सांगतात, की पाहा, ऑफिसबॉय होता आणि मालक झाला, पदवीवाचून त्याचे काही अडले नाही. पण मधली वर्षे कोणी मोजत नाही. त्या वर्षांत त्यांनी चित्रकलेचा नाद अभ्यासाने पक्का केला, संगणकाच्या भाषा शिकल्या, दुसऱ्याच्या हाताखाली उमेदवारी केली. पदवी नव्हती हे खरे. पण त्यांनी शिकणे सोडले, असे त्यांच्या आयुष्यात कुठेच दिसत नाही. उलट पुस्तकाशी बसण्याची आणि न समजलेले विचारण्याची सवय ज्याला आहे, त्यालाच दिवसभर राबून रात्री असे शिकता येते. ही सवय बहुतेक लेकरांना लागते ती शाळेतच.

तिसरी गोष्ट आणखी थोडी मागची. सातारा जिल्ह्यातला माण तालुका आपल्यासारखाच दुष्काळी. तिथे म्हसवडला चेतना सिन्हा यांनी गावातल्या बायांना घेऊन बायांचीच बँक काढायचे ठरवले. रिझर्व्ह बँकेकडे अर्ज गेला आणि नामंजूर होऊन आला. कारण काय? अर्जदारांत निरक्षर बाया होत्या, अंगठ्यावर बँक कशी चालवणार? बाया रडत बसल्या नाहीत. त्यांनी साक्षरतेचे वर्ग भरवले. दिवसभर काम करून संध्याकाळी पाटी घेतली. काही महिन्यांनी त्या पुन्हा साहेबांपुढे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, की कोणत्याही मुदलावर व्याज काढायला सांगा, आम्ही तोंडी काढून दाखवतो. तुमच्या साहेबांनाही यंत्रावाचून काढू द्या. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली.

या गोष्टीत मला दोन अर्थ दिसतात. हिशेबाची अक्कल त्या बायांना शाळेवाचूनही होती. बाजारात वागणारी कोणती बाई अंगठा लावते म्हणून व्याजात फसते? तोंडी हिशेबात तर ती पदवीधराला मागे टाकील. तरीही सही करता आल्यावाचून आणि कागद वाचता आल्यावाचून दरवाजा उघडला नाही. अक्कल घरची होती, पण दुसऱ्याने मांडलेल्या कागदावर बोट ठेवून विचारण्याचे बळ पाटीमुळे आले.

कोणी म्हणेल, की हे आपल्याकडचे झाले, पण अमेरिकेत तर बिल गेट्स आणि झुकरबर्ग यांनी कॉलेज अर्ध्यात सोडले आणि ते अब्जाधीश झाले. अलीकडे पोरांच्या तोंडी ही नावे फार असतात. त्यांना एवढेच विचारावे, की बाबांनो, त्यांनी सोडले ते कोणते कॉलेज? हार्वर्ड. तिथपर्यंत पोहोचायला आधी किती शिकावे लागते? जिना चढून माडीवर गेलेला माणूस माडीवरून पुढे उडी घेतो, ते पाहून आपण पहिल्या पायरीवरूनच मागे फिरावे, हा कुठला न्याय? सातवीतून शाळा सोडणे आणि हार्वर्डमधून बाहेर पडणे या दोन गोष्टी एका तराजूत घालता येत नाहीत.

असो. आता थोडा हिशेबच करून पाहू. कागद-पेन्सिल जवळ असेल तर घ्या. आकडे मी समजुतीसाठी घेतले आहेत.

समजा, एक ताई अर्धा किलो शेंगदाण्याची चटणी मोबाईलवर दोनशे रुपयांना विकते. माल आणि मजुरी मिळून नव्वद रुपये. डबी, पिशवी, चिकटपट्टी पंधरा रुपये. कुरिअरचे साठ. ज्या कंपनीच्या बाजारात तिने दुकान मांडले, ती शेकडा बारा घेते असे धरू, म्हणजे चोवीस. बेरीज करा. एकशे एकोणनव्वद. ताईच्या हाती राहिले अकरा रुपये. ती म्हणते, अकरा तर अकरा, दहा गेली की एकशे दहा. आता दहातली एक डबी गिऱ्हाइकाने घेतलीच नाही आणि ती परत आली. कंपनीचे कमिशन गेले नाही, पण जातानाचे कुरिअर साठ, येतानाचे साठ, डबी-पिशवीचे पंधरा गेले. खाण्याचा जिन्नस आठ दिवस फिरून आला, तो दुसऱ्याला विकणे बरे नव्हे, म्हणजे नव्वद तेही गेले. एकूण तोटा दोनशे पंचवीस. नऊ डब्यांचा नफा नव्याण्णव. वजा जाता ताईला एकशे सव्वीस रुपयांची खोट बसली. आणि मोबाईलवर काय दिसते? अठराशे रुपयांची विक्री झाली! ताई खूश, घरचे खूश, आणि भांडवल मात्र महिन्याकाठी विरघळत चालले.

तीच डबी दोनशे चाळीसला विकली, तर खर्च जाऊन आणि एक परत येऊनही दहा डब्यांमागे सुमारे एकशे नव्वद रुपये राहतात. धंदा तोच, चटणी तीच. फरक पडला तो विकण्याआधी मांडलेल्या हिशेबाने. शेकडेवारी, सरासरी, नफा-तोटा हे गणित कोणत्या कॉलेजात शिकवतात? आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळेतच शिकवतात. जो मुलगा सातवीतून उठून मोबाईल घेऊन बसला, त्याच्या हातून नेमके हेच निसटते. जो वर्गात बसून पुस्तकातले उदाहरण सोडवतो पण घरच्या चटणीला ते लावत नाही, त्याच्याही हातून ते निसटते. गुरुजन हो, ही दुसरी उणीव आपली आहे. तिच्याकडे मी नंतर येतो.

हिशेबानंतर भाषा. बाजारात गिऱ्हाईक समोर असते. ते फळ हातात घेते, वास घेते, एखादी फोड चाखते. मोबाईलवर यातले काही नाही. तिथे वास आणि चव यांचे काम शब्दांनी आणि चित्राने करायचे. दुरून माल विकणे हे तसे नवे नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावला सायकलचे दुकान काढले आणि पुढे लोखंडी नांगर केला. ते काही इंजिनियरीची पदवी घेतलेले नव्हते. चित्रकला सोडून ते यांत्रिक आरेखन शिकले, आणि परदेशी मासिके वाचून यंत्रे समजून घेत राहिले. त्यांच्या कारखान्याने १९२० साली 'किर्लोस्कर खबर' हे पत्र काढले, ते मालाची माहिती छापील शब्दांतून दूरवर पोहोचवावी म्हणूनच. आज ते काम हातातला मोबाईल करतो, पण शब्द तर आपणच लिहायचे आहेत.

बालाघाटातल्या आपल्या सीताफळाचेच घ्या. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे या मातीतल्या फळाचा गुण सरकारदरबारी नोंदला गेला. पण ते मानांकन आपल्या मालावर रीतसर वापरायचे, तर वापरकर्ता म्हणून नाव नोंदवावे लागते, अर्ज भरावा लागतो. शिवाय सीताफळ हे नाजूक फळ. डोळे उघडले, मधली फट पिवळसर झाली, की ते तोडायचे. मग तीन-चार दिवसांत ते पिकून मऊ होते. पार्सलला मुंबईला पोहोचायला किती दिवस लागतील, फळ कोणत्या दिवशी तोडावे, पेटीत किती थर द्यावेत, आणि गिऱ्हाइकाला काय लिहून कळवावे? 'फळ कडक पोहोचेल, घरात उघड्यावर ठेवा, हाताला मऊ लागले की खा' ही चार वाक्ये ज्याने चिठ्ठीवर लिहिली, त्याची पेटी परत येत नाही. ज्याने लिहिली नाहीत, त्याच्या फळाला गिऱ्हाईक कच्चे म्हणून नावे ठेवते, आणि ती नावे मोबाईलवर साऱ्या जगाला दिसतात.

तिसरी बाब नियमांची आणि फसवणुकीची. खाण्याची वस्तू विकायची, मग ती घरच्या चुलीवर केलेली का असेना, अन्नसुरक्षा खात्याकडे नोंदणी हवी. पाकिटावर घटक, वजन, तयार केल्याची तारीख, किती दिवसांत वापरावे हे छापायला हवे. जी.एस.टी.ची नोंदणी हा एक बागुलबुवा असतो. लहान विक्रेता मोबाईलच्या बाजारातून फक्त आपल्याच राज्यात माल विकत असेल आणि त्याची उलाढाल ठरलेल्या मर्यादेच्या आत असेल, तर १ ऑक्टोबर २०२३ पासून त्याला या नोंदणीतून सूट आहे. त्याने पॅन देऊन नावनोंदणीचा क्रमांक तेवढा घ्यायचा. राज्याबाहेर माल पाठवायचा म्हटले, की नियम बदलतो. हे ज्याने वाचले त्याने भीती न बाळगता सुरुवात केली. ज्याने वाचले नाही तो एक तर घाबरून बसला, नाही तर एजंटाला पैसे देऊन आला.

आणि भामटे? ते तर नव्या दुकानदाराची वाटच पाहत असतात. फोन येतो, "ताई, तुमची सगळी चटणी घेतो, पैसे पाठवतोय, फक्त तुमचा पिन टाका." मंडळी, हे पक्के ध्यानात ठेवा. पैसे घ्यायला पिन कधीही लागत नाही. पिन लागतो तो पैसे द्यायला. त्या खिडकीवर 'द्या' लिहिले आहे की 'घ्या', हे वाचण्याइतके अक्षर आणि थांबण्याइतका धीर असला, तर घर वाचते. फसलातच तर लाज धरून गप्प बसू नका. १९३० या क्रमांकावर लगेच फोन करा. जितका उशीर, तितके पैसे दूर जातात.

आता मी मूळ मुद्द्यावर येतो. हा मुद्दा आपल्या बीड जिल्ह्याला दुसऱ्या कोणाहून लवकर कळेल, असे मला वाटते.

दसरा-दिवाळी झाली, की आपल्याकडून लाखो माणसे ऊसतोडीला निघतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. हंगामभर दोघे थंडीवाऱ्यात राबतात, आणि शेवटी हिशेब होतो. किती टन तोडला, किती खाडे झाले, किती उचल फिटली? हे सारे लिहिलेले असते मुकादमाच्या वहीत. ज्याला ती वही वाचता येत नाही, त्याने मान हलवायची. फिटले म्हटले तर फिटले, राहिले म्हटले तर राहिले. कोयता आपला, घाम आपला, पण वही दुसऱ्याची. या एका वहीपायी किती घरे पुढच्या हंगामाला बांधली गेली, ते आपण डोळ्यांनी पाहिले आहे.

मोबाईलवरच्या बाजारातही एक वही असते. ती कागदाची नसते, काचेवर दिसते, एवढाच फरक. किती कमिशन कापले, कोणत्या कारणाने दंड लावला, परत आलेल्या मालाचा भुर्दंड कोणावर घातला, कोणाचा माल वर दाखवला आणि कोणाचा खाली, हे सारे त्या वहीत असते. तो बाजार उभारणारे कोण? फ्लिपकार्ट काढणारे दोघे दिल्लीच्या आय.आय.टी.त शिकलेले. मीशो काढणारे दोघेही तिथलेच. त्यांनी मोठी सोय केली, लहान माणसाला दुकान दिले, यात शंका नाही. परंतु दुकान मांडायला पदवी लागत नाही, असे जो बाजार आपल्याला सांगतो, त्याचे नियम मात्र पुष्कळ शिकलेली माणसे लिहितात. आपण निदान ते वाचू शकलो पाहिजे. नाही तर मुकादम बदलेल, आपण तिथेच राहू.

न शिकता धंदा करता येत नाही असे नाही, हे आपण पाहिले. पण ज्याला वाचता, लिहिता, मोजता येत नाही, त्याला ते दुसऱ्याकडून उसने घ्यावे लागते. ते दुसरे माणूस घरचा नातू असेल तर भाग्य. परका असेल तर अडला हरी, अशी गत. खात्याचा परवलीचा शब्द त्याच्याकडे, हिशेब त्याच्याकडे, गिऱ्हाईकही हळूहळू त्याचेच. चटणी वाटणाऱ्या ताईच्या हाती फक्त पाटा-वरवंटा राहतो. म्हणून मी म्हणतो, की शाळा नोकरीसाठी असेल-नसेल, आपला धंदा आपल्या हातात राहावा यासाठी ती हवीच हवी.

आईबापांना माझे सांगणे एवढेच, की मोबाईल आणि शाळा यांत निवड करू नका. लेकराला धंद्याची आवड असेल तर आनंदाची गोष्ट आहे. संध्याकाळी आईच्या मालाचा फोटो त्याला काढू द्या, रविवारी हिशेब लिहू द्या. पण त्यासाठी वर्ग सोडू देऊ नका. मुलींच्या बाबतीत तर मी हात जोडून सांगतो. सातवी-आठवी झाली, आता घरी बसून मोबाईलवर आईला मदत करील, आणि मग वर्षा-दोन वर्षांत लग्न, ही वाट आपल्या जिल्ह्यात फार मळलेली आहे. ज्या मुलीने दहावी-बारावीपर्यंत हिशेब आणि भाषा पक्की केली, ती सासरीही आपले दुकान चालवील आणि आपले खाते आपल्या नावावर ठेवील. तोडीला जाताना लेकरे बरोबर नेण्याऐवजी हंगामी वसतिगृहाची चौकशी गुरुजींकडे आधीच करा. सहा महिने वर्ग बुडाला, की मूल अक्षराला बुजू लागते, आणि एकदा बुजले की पुढे शाळाच सुटते.

ज्यांचे शिकण्याचे वय उलटून गेले असे वाटते, त्यांनीही खंत करू नये. नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून अशाच शिकून राहिलेल्यांसाठी आहे. म्हसवडच्या बायांनी दिवस मावळल्यावर पाटी घेतली होती, हे आठवा.

आणि आता गुरुजन हो, आपल्यासाठी. बाप जेव्हा म्हणतो, की शाळेत शिकून काय उपयोग, तेव्हा तो निम्मा आपल्यालाही दोष देत असतो. शेकडेवारीचे उदाहरण आपण फळ्यावर मांडतो, ते मुंबईच्या कोणा व्यापाऱ्याचे असते. त्याऐवजी कुंथलगिरीच्या पेढ्यांचे मांडा. वर्गातल्या एखाद्या मुलीच्या आईच्या पापडांचे मांडा. कुरिअर किती, डबी किती, एक पार्सल परत आले तर काय उरले, हे मुलांनाच काढू द्या. निबंधाला 'माझा आवडता ऋतू' एकदा देऊन झाला, आता 'ज्याने सीताफळ कधी पाहिले नाही त्याला ते लिहून सांगा' असा विषय द्या. पत्रलेखनात नोकरीच्या अर्जाबरोबर, डबी फुटून आली म्हणून रागावलेल्या गिऱ्हाइकाला उत्तर लिहायला लावा. किती नम्रपणा ठेवावा, चूक आपली असेल तर कशी मान्य करावी, नसेल तर कशी समजूत घालावी, हे त्या दहा ओळींत कळते. विजेचे बिल, बँकेचा संदेश, एखाद्या ॲपच्या अटी वर्गात मोठ्याने वाचून घ्या आणि विचारा, यात आपल्याला काय कबूल करायला लावले आहे? यासाठी नवे पुस्तक नको, संगणकांची खोली नको. फळा पुरे आहे.

एवढे करूनही शाळा शिकलेला प्रत्येक जण धंद्यात यशस्वी होईल, अशी हमी कोणी देऊ नये. माल चांगला हवा, शब्द पाळायला हवा, पहिल्या सहा महिन्यांत विक्री झाली नाही तरी टिकून राहण्याची चिकाटी हवी. वीज आणि रेंज यांची कृपा हवी, ती वेगळीच. पदवीधरही धंद्यात बुडतात. पण बुडालेला माणूस आपण कुठे बुडालो हे वहीत शोधू शकला, तर तो दुसऱ्यांदा उभा राहतो. न वाचता येणारा नशिबाला बोल लावतो आणि पुन्हा कोयता उचलतो.

तेव्हा उद्या सकाळी लेकराला शाळेत धाडताना हा विचार करा. ते शिकून साहेब होईल की नाही, हे पुढचे पुढे. पण घरातली वही, मग ती कागदाची असो की काचेची, आपल्या घरातल्याच कोणाला वाचता आली पाहिजे. तेवढे झाले, तरी चौसाळ्याच्या बाजारात आणि मोबाईलच्या बाजारात आपली मान ताठ राहील.